धम्मयात्रेची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बोलायला सुरुवात करतो.

'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. संध्याकाळच्या वंदनेला येणारी, साठी-सत्तरी ओलांडलेली आम्ही काही माणसे आहोत. आमच्यातले बरेचजण बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी करून आले. कार्यकारिणीने सांगितले, वर्धापनदिनाला यात्रेचे अनुभव सांगा. आम्ही बसून विचार केला. अनुभव सांगायचे म्हणजे गाडी किती तास उशिरा आली, पाटण्याला जेवण कसे होते, कोणाची चप्पल हरवली, हे सगळे ऐकून तुम्ही हसाल आणि घरी जाल. त्यापेक्षा यात्रा संपल्यावर तिच्या आठवणीचे काय करायचे, ती कशी जपायची आणि पुढच्या माणसाच्या हातात कशी द्यायची, यावर बोलावे असे ठरले. मुद्दे सगळ्यांनी मिळून काढलेत, उभे राहून बोलायचे काम तेवढे एकाकडे आले आहे.

आता आपल्या उलव्याचेच बघा. मूळ गावकरी सोडले तर आपण बहुतेक सगळे इथे कुठून ना कुठून आलेलो आहोत. कोणी कोकणातून मुंबईच्या चाळीत आणि चाळीतून इकडे, कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भ-खानदेशातून. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी रेल्वे उरणपर्यंत पोचली. २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. त्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी, चांगली नव्वद मीटरच्या आसपास उंच होती, ती कापून सपाट केली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. गावेच्या गावे उठून दुसरीकडे वसली. इथे आधी राहायला आलेल्यांना ती टेकडी आठवते. गेल्या वर्षी आलेल्याला 'इथे टेकडी होती' असे सांगावे लागते. एवढी मोठी टेकडी जर माणसाच्या डोळ्यांदेखत सांगण्यापुरती उरते, तर माणसाच्या मनातल्या आठवणीची काय कथा?

आणि आपल्या समाजाच्या बाबतीत एक हिशेब फार कडक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्या दिवशी आईचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेले दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. त्या वेळी जे वीस-पंचवीस वर्षांचे होते, ज्यांना सगळे नीट समजत होते, त्यांच्यापैकी आज फार थोडे हयात आहेत. ते कसे गेले, कोणाबरोबर गेले, भाड्याचे पैसे कुठून आणले, भाकरी किती दिवसांची बांधली, पांढरे लुगडे नवे घेतले की मागून आणले, हे कोणत्याही सरकारी कागदात लिहिलेले नाही. ते त्यांच्याच जवळ आहे. म्हणून हा विषय आम्हाला निकडीचा वाटला.

यात्रा आणि आठवण यांचा संबंध आपल्या धम्मात फार जुना आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात त्याने आपल्या यात्रांविषयी लिहून ठेवले आहे. पूर्वीचे राजे 'विहारयात्रा' करीत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. (आज विहार म्हटले की आपल्याला दुसरेच आठवते!) अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या ठिकाणी, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय काय करायचे हेही त्याने सांगितले आहे. श्रमण-ब्राह्मणांची भेट घेऊन दान द्यायचे, वृद्धांची भेट घेऊन त्यांना धन द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे, धम्माविषयी बोलायचे, विचारपूस करायची. मंडळी, यातले दुसरे कलम लक्षात घ्या. वृद्धांना भेटणे हा धम्मयात्रेचाच एक भाग अशोकाने मानला होता. याचा अर्थ असा, की ज्या तरुणाला यंदा रजा मिळत नाही, पैसे जमत नाहीत, त्याने आपल्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसून त्याला विचारपूस केली, तर अशोकाच्या व्याख्येप्रमाणे त्याची थोडीफार धम्मयात्रा झालीच.

आणि हा लेख लांब कुठे ओरिसात किंवा सौराष्ट्रातच आहे असेही नाही. त्याचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळ, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो ठेवला आहे. पुढे नवव्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्याच्याच परिसरात मिळाला, तो १९५६ साली. मुलांना एखाद्या रविवारी तो दगड जरूर दाखवा.

याच अशोकाने लुंबिनीला जो स्तंभ उभारला त्यावर जेमतेम काही ओळी आहेत. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, त्याने वंदन केले, शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला, म्हणून शिळास्तंभ उभारला आणि गावचा कर कमी केला. कोण आला, कधी आला, कुठे आला, का आला, काय केले, एवढे पाच मुद्दे झाले की संपले. १८९६ साली तो लेख उजेडात आला तेव्हा भगवंतांचे जन्मस्थान कोणते याचा वाद राहिला नाही. राजाने तिथे मोठे काव्य लिहिले असते आणि ठिकाणच सांगितले नसते, तर आपण आज लुंबिनीला कोणत्या भरवशावर गेलो असतो? म्हणून आमच्या ज्येष्ठ मंडळींना सांगणे आहे, की यात्रेची आठवण लिहायला साहित्यिक असावे लागत नाही. हे पाच मुद्दे लिहिता आले की पुरे.

अशोकाच्याही आधीचे उदाहरण भन्ते आनंदांचे आहे. भगवंतांचा अखेरचा प्रवास वयाच्या ऐंशीव्या वर्षी झाला. राजगृहाहून निघून वैशालीवरून कुशीनाऱ्यापर्यंत, पायी. आपले शरीर आता दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाडीसारखे झाले आहे, असे ते आनंदांना सांगतात. गुडघे दुखतात म्हणून यात्रेला नाही म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आठवावे. त्याच प्रवासात भगवंतांनी जन्म, संबोधी, पहिले प्रवचन आणि परिनिर्वाण यांची चार ठिकाणे श्रद्धावंतांनी पाहावीत असे सांगितले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी आठवणीतून सगळी सुत्ते सांगितली. त्यांची पद्धत बघा. सुत्ताच्या आरंभीच, मी असे ऐकले आहे असे म्हणून, त्या वेळी भगवंत कोणत्या नगरात होते, कोणत्या वनात उतरले होते, बरोबर कोण होते हे सांगितले जाते. उपदेश त्यानंतर येतो. पुढे कित्येक पिढ्या ही वचने भिक्खूंनी मुखोद्गत ठेवली, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ती लिहून काढली गेली. तोंडी सांगणे, ते पाठ ठेवणे आणि शेवटी लिहून ठेवणे, ही आपली परंपराच आहे.

आता दोन चिनी भिक्खूंविषयी. पहिले फाहियान. ते इसवी सन ३९९ मध्ये चीनमधून विनयाच्या ग्रंथांच्या शोधात निघाले. त्या वेळी ते साठीच्या घरात असावेत असे अभ्यासक मानतात. आज या वयाला आपण ज्येष्ठ नागरिकाचे कार्ड काढतो! वाळवंट, बर्फाचे डोंगर ओलांडून ते पायी भारतात आले. बरोबरचे सोबती वाटेत कोणी परतले, कोणी वारले, कोणी इथेच राहिले. ते सिंहलद्वीपात होते तेव्हाची एक हकिकत त्यांनी सांगितली आहे. तिथल्या बुद्धमूर्तीसमोर एका व्यापाऱ्याने चिनी रेशमाचा पांढरा पंखा अर्पण केलेला त्यांनी पाहिला. देश सोडून कित्येक वर्षे झाली होती. आपल्या मातीतली एक साधी वस्तू दिसली आणि त्या भिक्खूच्या डोळ्यांत पाणी आले. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो पंखा आपल्याला दिसतो, कारण त्याने तो सांगितला. नाहीतर 'सिंहलद्वीपाला गेलो, दर्शन घेतले, परत आलो' एवढ्यावर भागले असते.

फाहियान समुद्रमार्गे मायदेशी परतले. त्यांच्या प्रवासवृत्ताच्या शेवटी एक टिपण जोडलेले आहे. त्यावरून कळते, की आधी त्यांनी थोडक्यातच सांगितले होते. पुढे कोणीतरी त्यांना जवळ बसवून सविस्तर सांगण्याची विनंती केली आणि मग त्यांनी सगळा प्रवास पहिल्यापासून सांगितला. आमच्या भाषणातला मुख्य मुद्दा इथे येतो. म्हातारे माणूस आपण होऊन सगळे सांगत नाही. त्याला वाटते, कोणाला ऐकायचे आहे? विचारणारा भेटला की सांगते.

दुसरे ह्युएनत्संग. ते ६२९ च्या सुमारास निघाले आणि ६४५ मध्ये परतले. आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेले. त्यांच्या ग्रंथात १३८ देशांची माहिती आहे. त्यांपैकी ११० देश त्यांनी स्वतः पाहिलेले आणि २८ देश ऐकीव माहितीवरचे आहेत, असा स्पष्ट हिशेब त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिलेला आहे. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, त्याकडे पुन्हा येऊ.

या दोघांनी लिहून ठेवले त्याचा उपयोग कोणाला झाला? आपल्याला. मध्ये कित्येक शतके भारतात धम्म लोपला, स्तूपांवर माती चढली, झाडे उगवली, लोक विटा काढून नेऊ लागले. श्रावस्ती कुठे, नालंदा कुठे, कुशीनगर कुठे, हे सांगणारा उरला नव्हता. १८६१ नंतर अलेक्झांडर कनिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने या चिनी भिक्खूंची प्रवासवर्णने हातात घेऊन, त्यांनी दिलेल्या दिशा आणि अंतरे मोजत ही स्थळे शोधली. आज आपण गोरखपूरचे तिकीट काढतो आणि कुशीनगरला जाऊन भगवंतांच्या पहुडलेल्या मूर्तीसमोर उभे राहतो, त्यामागे चौदाशे-सोळाशे वर्षांपूर्वीच्या दोन प्रवाशांची टिपणे आहेत. आपण कशासाठी लिहितोय हे लिहिताना त्यांनाही ठाऊक नव्हते.

आता परदेशातून आपल्या घरात येऊ. बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, हे किती जणांना माहीत आहे? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची छोटी पुस्तिका. १९०१ साली भाऊ आणि भाच्यांबरोबर ते साताऱ्याहून नोकरीनिमित्त दूर असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तराने आधी प्रेमाने चौकशी केली आणि जात कळताच तोंड फिरवले. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली. बरोबर अन्न होते, पण पाणी मिळाले नाही. ही हकिकत त्यांनी तीस-पस्तीस वर्षांनी लिहिली. ते हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे प्रवास घडल्यापासून एकोणनव्वद वर्षांनी तो छापला गेला. केवढा मोठा माणूस, केवढी कामे! पण एका दिवसाच्या, नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या तहानेची हकिकत त्यांना टाकून द्यावीशी वाटली नाही. कारण शंभर भाषणांनी कळणार नाही ते त्या तहानेने कळते.

आपल्या रायगड जिल्ह्यातलाच दुसरा प्रवास घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला मुंबईहून जायचे होते. धरमतरवरून पुढे मोटारीने जाण्याचा रस्ता सोयीचा, पण मोटारवाले ऐन वेळी नकार देतील अशी धास्ती. म्हणून बाबासाहेब आणि प्रतिनिधी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदराला उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहन सर्वांना माहीत आहे. पण ती बोट, ते बंदर, ती पायपीट माहीत असणारे कमी. आज आपल्या डोक्यावरून विमाने जातात. ज्या समुद्रातून ती बोट गेली त्याच किनाऱ्यावर आपण राहतो. मुलांना हे सांगितलेत का?

दासगावचेच कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडच्या परिषदेच्या उभारणीतले एक प्रमुख कार्यकर्ते. त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या, त्या अपुऱ्या राहिल्या आणि १९७२ मध्ये ते गेले. त्यांच्या मुलाने ते लिखाण जपले, बाकीची माहिती जमवली आणि २००३ मध्ये पुस्तक निघाले. मुलाने कागद रद्दीत घातले असते तर?

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेत अडकले होते. परतल्यावर पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहामुळे त्यांनी तो प्रवास लिहून काढला. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये निघाले तेव्हा ते हयात नव्हते. इथेही आग्रह करणारा होता म्हणूनच लिहिले गेले.

आणि आपल्या मायमाऊल्या? त्यांच्याकडे वही-पेन्सिल कोणी दिली होती? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोन भगिनी गावोगावी, वस्तीवस्तीत जाऊन आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या वयस्कर स्त्रियांना भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. परिषदांना गेलेल्या, मोर्चात चाललेल्या, तुरुंगात गेलेल्या बायका त्यात बोलतात. या दोघी गेल्या नसत्या तर त्यातल्या बहुतेक जणी काही न बोलता गेल्या असत्या.

आपल्या घराघरांत याच्या उलट चालले आहे. आजी म्हणते, मी नागपूरला गेले होते. नातू मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, हो, माहीत आहे. संपले. नेमके काय माहीत आहे? दहा वेळा ऐकलेले पहिले वाक्य तेवढे माहीत असते, त्याच्या पुढचे कोणी विचारलेलेच नसते.

तर आता करायचे काय, हे अगदी साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, वही. यात्रेला निघताना पिशवीत दोनशे पानी वही आणि दोन पेन ठेवा. रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच ओळी. तारीख, ठिकाण, बरोबर कोण, काय पाहिले, आणि आज मनात काय राहिले. घरी गेल्यावर सविस्तर लिहू असे म्हणणाऱ्याने कधीच लिहिले नाही, हा आमचा सर्वांचा अनुभव. लिहिता येत नसेल तर सोबतच्याला सांगा. बसमध्ये तीस माणसांत एक तरी लिहिणारा निघतो. ज्यांची यात्रा वीस-तीस वर्षांपूर्वी झाली त्यांनी आता लिहावे. नक्की साल आठवत नसेल तर 'मोठ्या मुलाची दहावी झाली त्या वर्षी' असे लिहावे. त्यावरून साल निघते.

दुसरी गोष्ट, फोटो. जुन्या फोटोच्या मागे नावे लिहा. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उठतो आणि शाई उतरते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. डावीकडून कोण कोण, कुठे, कधी. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो कायमचे चिकटून बसतात, म्हणून ते जमतील तसे सोडवून साध्या कागदी पाकिटात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा, बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका आणि बुरशी धरली म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. फोटोचा मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. बसची, प्रवेशाची गुळगुळीत कागदावरची तिकिटे वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात. त्यांची झेरॉक्स काढून ठेवा.

तिसरी गोष्ट, मोबाइल. आता आठ दिवसांच्या यात्रेत एकेक जण हजार फोटो काढतो. घरी आल्यावर ते कोणी पाहत नाही आणि मोबाइल बिघडला की सगळे जाते. परत आल्यावर आठवड्याच्या आत नातवंडाला शेजारी बसवा, हजारातून तीस फोटो निवडा, ते कागदावर छापून घ्या, मागे नावे लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळचा राहतो, हे आम्हाला मुलांनीच शिकवले. मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी प्रत असू द्या.

चौथी गोष्ट, आवाज. ज्यांचा हात थरथरतो त्यांना बोलते करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला आजची तारीख, बोलणाऱ्याचे नाव, विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा. पंखा आणि टीव्ही बंद करा. एका वेळी अर्धा तास, जास्त नको. आजीला 'यात्रा कशी झाली' असे विचारू नका, ती 'बरी झाली' म्हणेल. विचारा, स्टेशनवर कोण सोडायला आले होते? पैसे कुठे बांधून ठेवले होते? पहिल्या रात्री कुठे झोपलात? पाणी कुठले प्यालात? घरी मागे म्हशीला, पोरांना कोणी बघितले? असे विचारले की बघा कशी बोलते. आणि बोलताना तिला दुरुस्त करू नका. साल चुकले, गावाचे नाव चुकले, चुकू द्या. ते नंतर तपासता येते. मध्येच तोडलेली आठवण पुन्हा तशी येत नाही.

पाचवी गोष्ट शीलाची. खोटे न बोलण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. आठवण सांगतानाही ते पाळावे लागते. ह्युएनत्संगांचा पाहिलेल्याचा आणि ऐकलेल्याचा हिशेब इथे उपयोगी पडतो. 'मी बाबासाहेबांना पाहिले' आणि 'माझ्या वडिलांनी पाहिले, त्यांनी मला सांगितले' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. दुसऱ्या वाक्यात कमीपणा काहीच नाही. वहीत दोन्ही लिहा, पण वेगवेगळी लिहा. तसेच एखाद्याला एखादी गोष्ट सांगायची नसेल, त्यात घरातल्या कोणाचे दुःख असेल, उपासमार असेल, अपमान असेल, तर त्याच्यावर जबरदस्ती नको. सांगितले तरी ते घराबाहेर वाचून दाखवायचे की नाही, हे त्यालाच विचारा.

काही जणांनी आम्हाला विचारले, की भगवंतांनी तर सगळे अनित्य आहे असे शिकवले, मग आठवणी कवटाळून कशाला बसायचे? प्रश्न चांगला आहे. आमचे उत्तर असे, की कवटाळणे आणि देणे यात फरक आहे. 'आमच्या वेळी असे होते, आता काही राहिले नाही' असे म्हणत जो दिवसभर जुने उगाळत बसतो, तो कवटाळतो. जो लिहून, सांगून, नावे घालून पुढच्याच्या हातात देतो, तो दान करतो. वस्तू अनित्य आहे म्हणूनच ती वेळेत द्यायची असते.

दुसरे कोणी म्हणतात, आम्ही साधी माणसे, आमच्या आठवणींना कोण विचारतो? त्यांनी कार्ल्याच्या लेण्यात जावे. तिथल्या खांबांवर, भिंतींवर ज्यांची नावे कोरली आहेत त्यांत धेनुकाकट गावचे व्यापारी आहेत, दूर दक्षिणेतल्या वैजयंतीहून आलेला भूतपाल नावाचा शेठ आहे, भिक्खू आहेत. नाव, गाव आणि काय दान दिले, एवढेच बहुतेक लेखांत आहे. दोन हजार वर्षे होत आली, इतिहासकार ती नावे वाचून त्या काळचा समाज समजून घेतात. कान्हेरीच्या एका लेण्यात तर इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. (हे ऐकून कोणी लेण्यात नाव कोरायला जाऊ नये. आता तो गुन्हा आहे. आपल्यासाठी वही आहे!)

शेवटी, हे सगळे आपल्या विहारात कसे आणायचे? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्याकडे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आमची सूचना आहे, की दर रविवारी वाचन संपल्यावर पंधरा मिनिटे एका ज्येष्ठ उपासकाला किंवा उपासिकेला द्यावीत. एकच यात्रा, एकच ठिकाण. घड्याळ मुलांच्या हातात द्यावे, म्हणजे आमच्यासारखे बोलत बसणार नाहीत! एका मुलाने किंवा मुलीने लिहून घ्यावे, पुढच्या रविवारी ते त्यांना वाचून दाखवावे, त्यांनी दुरुस्त केले की सही किंवा अंगठा घ्यावा. एक प्रत त्यांच्या घरी, एक विहाराच्या कपाटात. मूळ फोटो विहारात ठेवून घेऊ नयेत, ते ज्याचे त्याच्या घरी परत जावेत. वर्षावास तीन महिन्यांचा, म्हणजे बारा-तेरा रविवार. एका वर्षावासात बारा यात्रा वहीत येतील. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेला मजकूर कुठून आणायचा ही संपादकांची काळजीही मिटेल.

सुरुवात वयाने सर्वांत मोठे असलेल्यांपासून करावी. यात मान किंवा पद बघू नये. ज्यांना विहारापर्यंत चालवत नाही त्यांच्याकडे आपण जावे. आपल्या इमारतींत अशी माणसे दाराआड, गॅलरीत खुर्चीवर बसलेली आहेत. लिफ्टने चौथ्या-पाचव्या मजल्यावर जाण्याइतकीच ती यात्रा आहे.

तरुणांना एकच विनंती. आम्हाला विचारा. आम्ही कधी कधी चिडतो, तेच तेच सांगतो, नावे विसरतो, ते सोसून घ्या आणि पुढचा प्रश्न विचारा. आणि आम्हा ज्येष्ठांना एकमेकांना सांगायचे ते असे, की विचारण्याची वाट बघत बसू नका. येत्या रविवारी प्रत्येकाने एक जुना फोटो आणि एक पेन्सिल घेऊन विहारात यावे. नावे लिहायला तिथूनच सुरुवात करू.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय बुद्ध!